चोपडीची किल्ली

आमच्या लहानपणी धान्यबाजारात दलाल रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरवीत. शेजारी उभ्या असलेल्यासही त्याचा पत्ता लागत नसे. सायंकाळी रोजमेळ जुळला की वडील चोपडी तिजोरीत ठेवीत आणि किल्ली कमरेला लावीत. व्यापाऱ्याची पत या गुप्ततेवर उभी असते, हे आम्ही पेढीवरच शिकलो.

आज ती चोपडी संगणकात व मोबाईलमध्ये गेली आहे. शेतकऱ्याचा आधार क्रमांक, बँकखाते, जमिनीचे कागद, उधारीचा आकडा सर्व आपल्यापाशी असते. त्यावरील कुलूप गणिताचे आहे. ५३ आणि ६१ यांचा गुणाकार ३२३३, हा कोणीही मुनीम चटकन करील. परंतु नुसता ३२३३ सांगून मूळचे दोन आकडे विचारल्यास तो घोटाळेल. शेकडो अंकी संख्यांचे हेच कोडे अशा पुष्कळ कुलपांच्या मुळाशी आहे. १९९४ साली पीटर शोर या अमेरिकन गणितज्ञाने दाखवून दिले की, क्वांटम तत्त्वावर चालणारा पुरेसा मोठा संगणक निर्माण झाल्यास हे कोडे त्वरेने सुटेल.

असा संगणक अद्याप झालेला नाही. मग आजच चिंता कशास? कारण चोर बंद पेटी आज उचलून नेईल आणि किल्ली घडेपर्यंत थांबेल. तुरीचा आजचा भाव उद्या शिळा होतो. आधार क्रमांक मात्र वीस वर्षांनीही तोच राहतो.

जग स्वस्थ बसलेले नाही. अमेरिकेच्या मानक संस्थेने ऑगस्ट २०२४ मध्ये नव्या कुलपांची तीन मानके प्रसिद्ध केली. भारत सरकारने एप्रिल २०२३ मध्ये राष्ट्रीय क्वांटम मोहिमेस सुमारे ६,००३ कोटी रुपयांची मंजुरी दिली.

काही बंधू म्हणतात, ‘हे बँकांचे काम; आपण धान्यवाले काय करणार?’ हे अर्धेच खरे आहे. कुलूप ते बदलतील. कोठीत काय ठेवले आहे, हे आपल्याखेरीज कोणास ठाऊक? गतवर्षी मी माझ्याच पेढीवर शोध घेतला. नोकरी सोडून गेलेल्या मुनीमाच्या मोबाईलमध्ये शेतकऱ्यांच्या पासबुकांची छायाचित्रे तशीच होती. त्याचा हेतू वाईट नव्हता. दोष माझा होता.

यास्तव तीन सूचना करतो. पहिली, कोणती माहिती कोठे व कोणाच्या हाती आहे, याची प्रत्येक पेढीने यादी करावी. दुसरी, माहितीस मुदत घालावी. जीएसटीचे हिशेब वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपणे बंधनकारक आहे, ते जपावेत. परंतु काम संपल्यावर पासबुकाची नक्कल कशास? गरजेपलीकडील साठा हा परिग्रहच होय. २०२३ चा वैयक्तिक डिजिटल माहिती संरक्षण कायदाही हेच सांगतो. तिसरी, बँकेस व हिशेबाचे सॉफ्टवेअर पुरविणाऱ्यास ‘नवी कुलपे केव्हा बसविणार?’ असे लेखी विचारावे. एकट्या दुकानदाराच्या पत्रास उत्तर येईलच असे नाही. संघाचे पत्र टाळणे कठीण. मात्र भीती घालून काही विकू पाहणाऱ्यास ओट्यावरूनच परत पाठवावे.

पांढुर्णा-सौंसरचा आपला भाग २०२३ साली स्वतंत्र जिल्हा झाला. या जिल्ह्यातील आपल्या संघाने येत्या वहीपूजनापूर्वी निदान यादीचे काम पुरे करावे, ही कळकळीची विनंती. शेतकरी आपल्या भरवशावर कागद देतो; त्या भरवशाची किल्ली आजही आपल्याच कमरेला आहे.