आधी ब्रेक, मग सेल्फ

वर्षानुवर्षं बंद असलेली गाडी बाहेर काढायची म्हटलं की आपल्याकडे कार्यक्रम ठरलेला. नवी बॅटरी, कार्ब्युरेटरमध्ये घोटभर पेट्रोल, एक नारळ, आणि मग घर्र घर्र घर्र... इंजिन एकदाचं पेटलं की धुराच्या ढगात टाळ्या! "आजोबांची फियाट २० वर्षांनी जिवंत झाली" म्हणून व्हिडिओ गावभर फिरतो.

माझ्या मते हा त्या गाडीचा शुद्ध छळ आहे. 'सुरू झालं म्हणजे चालतंय' हे वाक्य आमच्या धंद्यात कोणी उच्चारलं की टेस्टिंगवाले हसतात. गाडीच्या बाबतीत मात्र आपण सगळे तेच म्हणतो, आणि वर पेढे वाटतो.

प्रीमियर पद्मिनीच घ्या ना. कुर्ल्याला बनणारी फियाट ११००, १९७४ पासून पद्मिनी झाली. २०२३ च्या ऑक्टोबरअखेर मुंबईच्या टॅक्सींमधूनही गेली. १०८९ सीसीचं चार सिलिंडरचं साधंसुधं इंजिन. साधं आहे म्हणूनच लोक म्हणतात, "हिला काय होतंय!"

काय होतं ते सांगतो. गाडी उभी राहिली की सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल हळूहळू खाली उतरतं. दमट हवेत, म्हणजे आपल्या अख्ख्या कोकणपट्टीत, त्या उघड्या लोखंडावर गंज धरतो आणि पिस्टनच्या रिंगा तिथेच चिकटतात. अशा इंजिनाला तुम्ही सेल्फ मारता तेव्हा रिंगा तुटतात, भिंतीवर ओरखडे पडतात. टाळ्या वाजत असतात तेव्हा आत हे चाललेलं असतं.

करायचं काय? प्लग काढा. प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं ऑइल सोडा आणि एक-दोन दिवस गप्प बसा. मग पुलीच्या नटाला पाना लावून इंजिन हाताने फिरवा. अडलं तर जोर लावायचा नाही, पुन्हा ऑइल, पुन्हा वाट पाहणं. जुनं ऑइल बदला. ह्यात शूटिंग करण्यासारखं काही नाही, मान्य आहे.

पेट्रोलची तीच गत. टाकीत राहिलेल्या पेट्रोलचा चिकट राळेसारखा थर होतो, तो जेट बुजवतो. टाकीतला गंज वेगळाच. टाकी उतरवून धुवायला पर्याय नाही. शिवाय आता पंपावर इथेनॉल मिसळलेलं ई-२० मिळतं. इथेनॉल पाणी ओढतं, आणि त्या काळातलं रबर त्यापुढे टिकेलच असं नाही. तेव्हा पेट्रोलचे जुने पाइप, पंपाचा पडदा, सगळं बदलायचं. गरम इंजिनावर ठिबकणारं पेट्रोल म्हणजे काय, हे सांगायला नको.

पण माझा खरा राग आहे तो ब्रेकवरून. ब्रेक ऑइलसुद्धा हवेतला ओलावा शोषतं, सिलिंडर आतून गंजतात, रबरी वॉशर कडक होतात. उभ्या गाडीत पेडल कदाचित छान लागेल. पण उतारावर जोरात दाबलं आणि वॉशरने दगा दिला तर? जुन्या गाडीत चारही चाकांना मिळून एकच सर्किट असेल, तर एक गळती आणि चारही ब्रेक गेले! टायरमध्ये अजून नक्षी शिल्लक आहे म्हणून खूश होणारे तर धन्यच. रबर वयाने मरतं, नुसतं धावून नाही. ह्या अवस्थेत घरच्या पोरांना मागे बसवून "एक चक्कर" मारणाऱ्याला हौशी म्हणायचं की काय, तुम्हीच ठरवा.

ह्यावर ठरलेलं उत्तर येतं, "अहो, एवढा खर्च कोण करणार?" गंमत अशी की हेच लोक आधी डेंटिंग-पेंटिंग करून मोकळे होतात. क्रोम चकाचक, सीट कव्हर नवी, वर अलॉय व्हील. ब्रेकचं काम पुढच्या महिन्यात! २०२१ पासून ५० वर्षांवरच्या, मूळ रूपातल्या गाड्यांसाठी 'व्हीए' मालिकेची वेगळी नोंदणी आहे. सुरुवातीच्या पद्मिनी आता त्या वयात पोचल्यात. आणि आपण मूळ रूपच घालवत बसलोय.

खर्च झेपत नसेल तर त्यात लाज कसली? गाडी कोरड्या जागी ठेवा, टाकी रिकामी करा, सिलिंडरमध्ये ऑइल सोडा, पैसे जमेपर्यंत थांबा. नाहीतर ज्याला झेपेल त्याला द्या. ताडपत्रीखाली कुजवत ठेवून "आजोबांची आठवण आहे हो" म्हणणं मला तरी पटत नाही.

तर मंडळी, क्रम लक्षात ठेवा. ब्रेक, टायर, स्टिअरिंग. मग पेट्रोलची लाइन, वायरिंग (उंदीर आपलं काम चोख करतात). मग हाताने फिरवलेलं इंजिन. सेल्फ शेवटी. रंग त्याच्याही नंतर.

नारळ मात्र कधीही फोडा, त्याला आपली हरकत नाही.