आजोबांची ३१५ बोअर

भारतात 'शिकारीची रायफल' म्हटली की बहुतेक जुन्या घरांतून एकच हत्यार बाहेर निघते: ३१५ बोअरची बोल्ट-ॲक्शन. लाकडी दस्ता, पाच काडतुसांचे मॅगझिन, उजवीकडे खाली वाकलेले बोल्टचे हँडल. ही रायफल शिकाऱ्यांनी घडवली असा सगळ्यांचा समज असतो. माझे मत वेगळे आहे. ती जंगलाच्या गरजेतून आली नाही, सरकारी फाइलीतल्या संशयातून आली. आणि नेमके म्हणूनच ती जपून ठेवायला हवी.

हा विषय डोक्यात घोळायचे कारण माझी सध्याची पोस्टिंग. भिलाई हे लोखंडाचे गाव. १९५५ च्या सोव्हिएत करारातून उभा राहिलेला कारखाना, रेल्वेचे रूळ, सेक्टरमधल्या सरळसोट सडका. इथे मी एनसीसीच्या मुलामुलींमध्ये असतो. परेडला ते खांद्यावर घेतात त्या .३०३ च्या डीपी रायफली, म्हणजे ड्रिल पर्पज. त्यांतून गोळी सुटू शकत नाही. रेंजवर मिळते ती .२२, तीही बोल्ट-ॲक्शनच. आमच्या फौजेने बोल्ट-ॲक्शन केव्हाच मागे टाकली (स्नायपरचा अपवाद सोडून), पण हत्याराशी पहिली ओळख आजही तीच करून देते. एक गोळी, मग हात हलवा, मग दुसरी गोळी. मधल्या दीड सेकंदात माणूस विचार करायला शिकतो.

आता मूळ पुरुषाकडे येऊ. जेम्स पॅरिस ली हा स्कॉटलंडमध्ये १८३१ साली जन्मलेला, कॅनडात वाढलेला आणि अमेरिकेत नाव कमावलेला कारागीर. १८७९ साली त्याने बोल्टच्या खाली बसणाऱ्या पेटीसारख्या मॅगझिनचे पेटंट घेतले. ब्रिटिशांनी ते उचलले आणि १८८८ मध्ये ली-मेटफर्ड आली. पुढे कॉर्डाइट आले, त्याच्या उष्णतेने मेटफर्डच्या उथळ खाचा झिजू लागल्या, म्हणून १८९५ मध्ये एनफिल्डच्या खोल खाचांची नळी बसवली. ली-एनफिल्ड नाव पडले ते तेव्हा.

नंतर दक्षिण आफ्रिकेत बोअर शेतकऱ्यांनी ब्रिटिश फौजेला चांगलाच धडा दिला. हे लोक मुळात शिकारी. त्यांच्या हातात जर्मन माउझर, ७ मिलिमीटरची, पाच काडतुसे क्लिपने एका दाबात भरता येणारी. त्या युद्धानंतर ब्रिटिशांनी आपली रायफल आखूड केली, म्हणजे घोडदळ आणि पायदळ दोघांना एकच चालावी, आणि तिला क्लिपने भरण्याची सोय दिली. १९०७ चे मार्क ३ हे मॉडेल आपल्या आजोबा-पणजोबांनी पहिल्या महायुद्धात वापरले.

ली आणि माउझर यांच्यातला फरक हातात घेतल्याशिवाय कळत नाही, तरी सांगायचा प्रयत्न करतो. माउझरच्या १८९८ च्या रचनेत बोल्टला कुलूप लावणारे दोन भक्कम कान पुढे, अगदी काडतुसाच्या मागेच असतात आणि मागे तिसरा कान जादा सुरक्षेसाठी. काडतूस मॅगझिनमधून वर येतानाच एक लांब पोलादी नखी त्याची कड पकडते आणि रिकामी पुंगळी बाहेर पडेपर्यंत सोडत नाही. रायफल उलटी धरली तरी काडतूस घरंगळत नाही. समोर जखमी जनावर असताना या नखीची किंमत कळते. लीचे कान मागे आहेत. त्यामुळे फार जोरकस काडतूस वापरले तर बोल्ट आणि भोवतालची चौकट किंचित ताणली जाते. पण त्याच मागच्या कानांमुळे बोल्टचा प्रवास छोटा होतो, हँडल थोडेच उचलावे लागते, आणि स्प्रिंग ताणली जाते ती बोल्ट पुढे ढकलताना. मॅगझिनमध्ये दहा गोळ्या. १९१४ च्या आधीच्या ब्रिटिश सैनिकाला ३०० यार्डांवर मिनिटाला १५ नेमके फायर द्यावे लागत. जंगलासाठी माउझर, लढाईसाठी ली, असे मी म्हणेन.

जगात शिकारीची रायफल पुढे गेली ती माउझरच्या वाटेने. लंडनच्या रिग्बीने माउझरच्या ॲक्शनवर देखण्या शिकारी रायफली बांधल्या. चंपावतची नरभक्षक वाघीण मारल्याबद्दल १९०७ मध्ये जिम कॉर्बेटला भेट मिळाली ती .२७५ रिग्बी, म्हणजे बोअरांचेच ७ मिलिमीटरचे काडतूस, फक्त नाव इंग्रजी. अमेरिकेत १९३६ साली विंचेस्टरने मॉडेल ७० काढली, तिच्यातही तीच लांब नखी. १९६४ मध्ये खर्च वाचवायला कंपनीने ती नखी काढली आणि शिकारी इतके बिथरले की '६४ च्या आधीची' हा रायफलीच्या बाजारातला वेगळा दर होऊन बसला. शेवटी १९९० च्या दशकात कंपनीला जुनी रचना परत आणावी लागली. तिथे गिऱ्हाइकाने कारखान्याला नमवले.

आपल्याकडे गिऱ्हाइकाला विचारतो कोण?

१८५७ नंतर इंग्रजांनी एक नियमच करून टाकला होता: देशी पलटणीच्या हातातले हत्यार गोऱ्या पलटणीपेक्षा एक पिढी जुने असायचे. गोऱ्यांकडे मार्टिनी-हेन्री आली तेव्हा आपल्या शिपायांकडे स्नायडर. १९१४ मध्ये आपली कोर फ्रान्समध्ये मार्सेयला उतरली तेव्हा तिथे तिच्या रायफली बदलून नव्या द्याव्या लागल्या. नागरिकांसाठी लिटनचा १८७८ चा शस्त्र कायदा होताच. भारतीयाला परवाना हवा, युरोपियनाला नको. (कूर्गच्या कोडवांना सूट होती, ती वेगळी कथा.)

मग १९०७ च्या सुमारास आणखी एक बंदी आली. फौजेची काडतुसे चोरून बंडखोरांनी वापरू नयेत म्हणून खासगी माणसाला फौजी कॅलिबरची रायफल भारतात आणता येईना. जुन्या मार्टिनीच्या .४५० ची बंदी झाली तसे इंग्रज बंदूकवाल्यांनी हत्ती-गव्यासाठी .४६५, .४७०, .४७६ अशी नवी कॅलिबर रातोरात काढली. आफ्रिकेच्या शिकारकथांत या आकड्यांचा मोठा दरारा आहे, पण त्यांचा जन्म भारतातल्या एका मनाई हुकमातून झाला. .३०३ ची हीच गत झाली. ली-एनफिल्डची ॲक्शन उत्तम, स्वस्त, सगळ्यांच्या हातची, पण .३०३ चालणार नाही. मग तिच्यात बसेल असे दुसरे काडतूस शोधले गेले. ते सापडले ऑस्ट्रियात: तिथल्या फौजेचे ८ मिलिमीटरचे मॅनलिखर. त्यालाही .३०३ सारखीच कड. इंचात मोजले तर .३१५. बर्मिंगहॅमच्या बीएसएने या मापाच्या शिकारी रायफली हिंदुस्थानसाठी बनवल्या, आणि स्वातंत्र्यानंतर बंगालमधल्या इशापूरच्या रायफल फॅक्टरीने तीच गोष्ट चालू ठेवली.

आणि काडतूस? ते आपल्या खडकीचे. पुण्याच्या ॲम्युनिशन फॅक्टरीचा 'केएफ' हा शिक्का पुंगळीच्या बुडाशी ज्याने पाहिला नाही असा जुना परवानाधारक विरळाच. म्हणजे स्कॉटिश माणसाची ॲक्शन, ऑस्ट्रियन फौजेचे काडतूस, इंग्रजांचा संशय, बंगालची जुळणी आणि पुण्याची दारू.

रायफल म्हणून ती कशी? प्रामाणिक आहे. जवळपास १६ ग्रॅमची गोळी, वेग सेकंदाला ६०० मीटरच्या आसपास. शंभर-दीडशे मीटरपर्यंत रानडुकराला, सांबराला पुरे. वाघ-गव्यासमोर मी ती स्वतःहून निवडली नसती. पण खरी खंत ही की तिच्यात पुढे काही झालेच नाही. नखी नाही, दुर्बिणीसाठी सोय नाही, काडतूस १८९० च्या काळातले. जगभर शिकारी आणि कारागीर एकमेकांशी भांडत रायफल सुधारत होते, आपली मात्र हुकूम निघाला त्या दिवशीच थांबली.

फौजेत मात्र हीच ॲक्शन एकदा पुढे सरकली. १९६२ मध्ये नेफात आपले जवान .३०३ घेऊन चिनी स्वयंचलित हत्यारांसमोर उभे राहिले, ती जखम आमच्या आधीच्या पिढीला विचारा. त्यानंतर इशापूरने जुन्याच आकारात जास्त मजबूत पोलाद वापरून ७.६२ नाटो काडतुसाची २ए आणि मग २ए१ काढली. मॅगझिन बारा गोळ्यांचे. एसएलआर सर्वत्र पोहोचेपर्यंतची ती सोय होती, तरी एक गोष्ट सिद्ध झाली: मनात आणले तर इशापूरला या रचनेतून जास्त काढता येत होते. मनात आणायची गरज फक्त फौजेसाठी पडली.

शिकारीबद्दल मला गळा काढायचा नाही. ज्या राज्यात बसून मी हे लिहितोय, त्याच छत्तीसगडच्या कोरिया संस्थानात १९४७ च्या सुमारास महाराजांनी एका रात्री मोटारीच्या दिव्यांच्या झोतात तीन चित्ते टिपले. भारतातल्या चित्त्याची ती शेवटची पक्की नोंद मानतात. १९७२ चा वन्यजीव कायदा आला नसता तर वाघाचेही तेच झाले असते. भिलाईच्या मैत्री बागेत पांढरे वाघ पाहायला रविवारी पोरांची झुंबड उडते, ती मला मचाणावरच्या कोणत्याही फोटोपेक्षा बरी वाटते.

पण कायद्याने शिकार थांबली तशी ३१५ बेकार झाली नाही. ती शेताच्या राखणीला गेली, बँकेच्या दारात उभी राहिली. आणि तिचे काडतूस तर भलत्याच ठिकाणी पोहोचले. उत्तरेकडचे कोणतेही हिंदी वर्तमानपत्र उघडा, गुन्ह्याच्या बातमीत '३१५ बोअरचा कट्टा' असतोच. काडतूस परवान्यावर दुकानात मिळते, तिथून वाटा फुटतात, म्हणून गावठी कारागीर त्याच मापाची नळी करतो. चुकीच्या हातांत गोळी पडू नये म्हणून निवडलेले काडतूस शंभर वर्षांनी चुकीच्या हातांचे आवडते काडतूस झाले. हत्यारबंदीचे धोरण आखणाऱ्या प्रत्येकाला मी हा एक धडा वाचायला लावीन.

आता ज्यासाठी हे लिहायला बसलो ते. डिसेंबर २०१९ च्या दुरुस्तीने एका परवानाधारकाला तीनऐवजी दोनच हत्यारे ठेवता येतात. वारसा हक्काने आलेलेही त्याच दोनात. जादाचे वर्षभरात पोलीस ठाण्यात किंवा अधिकृत विक्रेत्याकडे जमा करायचे, आणि आमच्यासारख्या सेवेतल्यांनी युनिटच्या कोतमध्ये. मर्यादेला माझा विरोध नाही. घरात तीन रायफली कशाला हव्यात, याचे उत्तर मलाही सुचत नाही. पण दुर्गमधले एक मराठी गृहस्थ, स्टील प्लांटमधून निवृत्त, मला भेटले. भोसल्यांच्या काळात नागपुराहून इकडे आलेले त्यांचे घराणे. वडिलांची बारा बोअर, स्वतःचे पिस्तूल आणि आजोबांची ३१५. काय दिले असेल ते ओळखा. जी चालत नाही तीच. "साहेब, पावती मिळाली," एवढेच ते म्हणाले. ज्यांनी मालखाना पाहिला आहे त्यांना ओल, चिठ्ठी सुटलेले हत्यार आणि एकावर एक रचलेले दस्ते ठाऊक आहेत. तिथे पडलेल्या रायफलीची शेवटची पायरी म्हणजे तोडणे आणि वितळवणे. पोलाद पुन्हा पोलाद होईल, त्यात वावगे नाही. पण तिच्यासोबत कोणाची, कधीची, कुठल्या मॉडेलची ही नोंदही जाते.

उपाय माझ्या परेड ग्राउंडवर रोज सकाळी उभा असतो. डीपी रायफल! हत्यार मारून टाकायचे आणि आकार ठेवायचा, हे सरकारला पिढ्यान्‌पिढ्या जमते आहे. तेच जमा झालेल्या निवडक जुन्या रायफलींचे करा. चेंबर बंद करा, स्ट्रायकर कापा, बोल्ट हलता ठेवा म्हणजे रचना समजावता येईल, आणि जिल्ह्याच्या संग्रहालयात, सैनिकी शाळेत, रेजिमेंटल सेंटरमध्ये द्या. सोबत घराण्याचे नाव आणि दोन ओळींचा इतिहास. सगळ्या नकोत. एका जिल्ह्यात पाच पुरेत. उत्तर प्रदेश पोलिसांनी २०२० च्या प्रजासत्ताक दिनी .३०३ ला संचलनात रीतसर निरोप दिला, तेव्हा दिसले की मनात असले की मान देता येतो. पोलिसांच्या हत्याराला जो मान, तो नागरिकाच्या हत्याराला का नको?

तोवर ज्या माजी सैनिकांच्या घरी अशी रायफल अजून आहे, त्यांनी एवढे करावे. बोल्ट काढा, चेंबर रिकामे असल्याची खात्री दोनदा करा. नळीवर आणि दस्त्याच्या सांध्याजवळच्या लोखंडावर कोरलेले सगळे वहीत उतरवा: इशापूरचा शिक्का, वर्ष, नंबर. जुनी .३०३ असेल तर मुकुट आहे की अशोकस्तंभाचे सिंह, तेही लिहा, १९४७ च्या अलीकडची की पलीकडची ते त्यावरून कळेल. आजोबांना परवाना कोणत्या साली, कोणत्या कारणासाठी मिळाला तो जुना कागद शोधा. फोटो काढा. मग पुलथ्रूला चिंदी लावून नळी साफ करा, तेलाचा हात द्या आणि परवान्याच्या नूतनीकरणाची तारीख तपासा.