मुलांच्या हातचा मोबाईल : बंधन कोणावर ?

ज्या घरीं दहा-बारा वर्षांपलीकडील मूल आहे, त्या घरांत हल्लीं एक वाद नित्य चाललेला असतो. आई म्हणते, “मोबाईल ठेव.” मूल म्हणतें, “पांचच मिनिटें.” आणि पाहतां पाहतां तास निघून जातो. हा वाद आतां घरापुरता राहिलेला नाहीं. ग्रामसभांत त्यावर ठराव झाले आहेत, परदेशांत कायदे झाले आहेत. पालकांनीं व सरकारनें कुमारवयीन मुलांच्या समाजमाध्यमांच्या वापरास आळा घालावा किंवा नाहीं, आणि घालावयाचा तर तो कोणत्या रीतीनें, याचा विचार आपल्या लोह्यासारख्या गांवींही झाला पाहिजे, म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रथम रोगाचें मूळ पाहूं. इन्स्टाग्राम, फेसबुक, यूट्यूब हीं माध्यमें वापरणारास फुकट वाटतात. परंतु त्यांच्या मालक कंपन्यांचें उत्पन्न मुख्यत्वें जाहिरातींवर चालतें. पाहणारा जितका वेळ खिळून राहील, तितक्या जाहिराती अधिक, आणि तितका पैसा अधिक. पुस्तकास शेवटचें पान असतें, नाटकास शेवटचा अंक असतो, रात्रभर चाललेल्या भारुडासही पहांटे विराम असतो. या पडद्यावरील चित्रांस मात्र शेवट असा ठेवलेलाच नाहीं. एक संपतें न संपतें तोंच दुसरें पुढें येतें, आणि तें कोणतें यावें हें मुलानें मागें काय पाहिलें त्यावरून यंत्रच ठरवितें. चौदा वर्षांच्या मुलाचा निग्रह एका बाजूस आणि एवढी मोठी योजना दुसऱ्या बाजूस. हा सामना बरोबरीचा नाहीं. म्हणून बंधन असावें, याविषयीं आमचें दुमत नाहीं.

आणखी एक गोष्ट आम्हांस विशेष खटकते. इन्स्टाग्राम व फेसबुक यांच्या स्वतःच्या नियमांप्रमाणें १३ वर्षांखालील मुलास तेथें खातें उघडतां येत नाहीं. तथापि लहान मुलांचीं खातीं घरोघर आहेत. तीं उघडलीं कशीं ? तर खोटें जन्मवर्ष लिहून; आणि तें पुष्कळदां वडील भावानें, कधीं कधीं तर वडिलांनींच लिहिलेलें असतें. खोटें बोलूं नये असें ज्यानें शिकवावयाचें, त्याच्याच हातून मुलास हा पहिला धडा मिळावा, ही हानि वायां गेलेल्या तासांहून थोर आहे.

आतां आपल्याच महाराष्ट्रांतील दोन गांवांकडे वळूं. सांगली जिल्ह्यांत, कडेगांव तालुक्यांत, मोहित्यांचें वडगांव म्हणून एक गांव आहे. करोनाच्या सांथीमुळें मार्च २०२० मध्यें शाळा बंद पडल्या आणि मोबाईल हीच शाळा झाली. पुढें शाळा उघडल्या, तरी मुलांच्या हातचा मोबाईल सुटेना. तेव्हां तत्कालीन सरपंच विजय मोहिते यांच्या पुढाकारानें गांवानें असें ठरविलें कीं, रोज सायंकाळीं ७ वाजतां देवळावरील भोंगा वाजावा आणि ८.३० पर्यंत सर्व गांवानें मोबाईल व दूरदर्शन बंद ठेवावें. १५ ऑगस्ट २०२२ पासून हा क्रम सुरू झाला. पुरुषांनीं प्रथम ही गोष्ट हंसण्यावारी नेली. मग स्त्रियांची सभा भरली. आपण मालिका फार पाहतों, हें त्यांनीं मोकळेपणानें मान्य केलें आणि या उपक्रमास संमति दिली. प्रारंभीं भोंगा झाल्यावर ग्रामपंचायतीच्या माणसांस घरोघर जाऊन विनवावें लागे. हळूहळू गांवास ती संवय लागली.

त्याच वर्षीं नोव्हेंबरांत यवतमाळ जिल्ह्यांतील पुसद तालुक्यांत, म्हणजे आपल्या नांदेडच्या शेजारींच, बांशी येथील ग्रामसभेनें १८ वर्षांखालील मुलांनीं मोबाईल वापरूं नये असा ठराव केला. बांशीच्या ग्रामस्थांची कळकळ कमी होती, असें मुळींच नाहीं. परंतु दोन्ही ठरावांत एक भेद आहे. बांशीचें बंधन मुलांवर होतें. वडगांवचा भोंगा आजोबांपासून नातवापर्यंत सर्वांसाठीं वाजत होता. आमच्या मतें टिकाऊ रीत ती ही दुसरीच. वडील जेवतांना पडद्यावर डोळे लावून बसले आहेत आणि मुलास मात्र पुस्तक वाचण्याची आज्ञा आहे, अशा घरीं आज्ञा किती दिवस चालेल ? आडांत नाहीं तें पोहऱ्यांत कोठून येणार ?

कोणी म्हणतील, “एवढा विचार कशाला ? सरसकट बंदी करून मोकळें व्हावें.” त्यांनीं आपल्या भागाची स्थिति ध्यानांत घ्यावी. येथील कित्येक मातापिता ऊसतोडीसाठीं किंवा पुण्या-मुंबईस कामासाठीं महिनेच्या महिने बाहेर असतात. आजीजवळ राहिलेल्या मुलास रात्रीं आईचा चेहरा दिसतो तो मोबाईलवरच. शिवाय बंदीचा हुकूम सुटला कीं तो प्रथम मुलींवर बजावला जातो. भावाच्या हातीं मोबाईल राहतो आणि बहिणीचा काढून घेतला जातो. मग शिष्यवृत्तीचा अर्ज भरण्यास किंवा प्रवेशाची यादी पाहण्यासही तिला दुसऱ्याची विनवणी करावी लागते. जें बंधन मुलीचें शिक्षण आंखूड करतें, तें आम्हांस मान्य नाहीं. आईशीं बोलणें निराळें आणि अनोळखी लोकांच्या चित्रांत रात्र घालविणें निराळें, हा विवेक नियम करणारानें राखलाच पाहिजे.

सरकारचें काम येथेंच येतें. ऑस्ट्रेलियानें २०२४ सालीं कायदा करून १६ वर्षांखालील मुलांस प्रमुख समाजमाध्यमांवर खातें ठेवण्याची मनाई केली. ती १० डिसेंबर २०२५ पासून अंमलांत आली. त्या कायद्यांत मुलास अथवा पालकास कांहींही शिक्षा नाहीं. दंड आहे तो कंपनीस, आणि तो ४ कोटी ९५ लक्ष ऑस्ट्रेलियन डॉलरांपर्यंत होऊं शकतो. केवळ निरोप व संभाषण यांसाठीं असलेलीं व्हॉट्सॲपसारखीं साधनें त्यांतून वगळलीं आहेत. आपल्या देशांतही २०२३ च्या वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाच्या कायद्यानें १८ वर्षांखालील व्यक्तीस बालक मानलें आहे. तिची माहिती घेण्यापूर्वीं पालकांची पडताळलेली संमति घ्यावी, आणि तिच्यावर पाळत ठेवून तिला उद्देशून जाहिराती दाखवूं नयेत, असें त्यांत सांगितलें आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्यें प्रसिद्ध झाले, आणि मुख्य बंधनांसाठीं १८ महिन्यांची मुदत ठेवण्यांत आली. सरकारनें कंपन्यांस बांधावें, हीच दिशा योग्य आहे. मात्र “संमति” विचारली असतां न वाचतां बोट ठेवणारा पालक असेल, तर उत्तम कायदाही कागदावरच राहील.

तेव्हां आपण लोह्यांत काय करावें ? भोंगा नसला तरी घड्याळ घरोघर आहे. सायंकाळीं ७ ते ८.३० या वेळांत घरांतील सर्वांनीं, प्रथम वडिलांनीं, मोबाईल एका कोनाड्यांत ठेवावा. शाळांनींही त्या वेळीं गृहपाठाचे निरोप मोबाईलवर पाठवूं नयेत. खातें उघडावयाचें तर खरें वय लिहून, आणि तें वय झाल्यावरच. आणि मुलास जो नियम, तोच मुलीस.

विद्यार्थी मित्रहो, दहावीनंतर तुमच्यापैकीं पुष्कळजण लातुरास किंवा नांदेडास खोली करून राहतील. तेथें “मोबाईल ठेव” म्हणणारी आई जवळ नसेल आणि दाराशीं सरकारही उभें राहणार नाहीं. आजचें बंधन हें त्या दिवसाची तयारी आहे, असें समजून तें पाळा. आणि घरांतील कोनाड्यांत वडिलांचा मोबाईल दिसला नाहीं, तर नम्रतेनें, पण अवश्य, त्यांस आठवण करून द्या.