हिशेबाच्या सॉफ्टवेअरांतील प्रक्षेप

जुन्या पोथ्या ज्यांनीं हाताळल्या आहेत, त्यांस प्रक्षेप म्हणजे काय हें सांगावयास नको. एखादा वाचक आपल्या सोयीसाठीं समासांत चार अक्षरें लिहून ठेवतो. पुढचा लेखक नक्कल करितांना तीं मूळ ग्रंथांतच घालतो. आणि दोन पिढ्यांनीं मूळ कोणतें व भर कोणती हें सांगणारा कोणी उरत नाहीं. हाच दोष आतां दुकानांतील संगणकांत शिरला आहे, असें आमच्या प्रत्ययास आलें.

येथें वडगाव मावळांत आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याचें किराणा व तांदळाचें दुकान आहे. घर एकत्र, थोरले बंधु माल पाहतात, धाकटे हिशेब. हिशेब अर्थात् संगणकावर. तांदळाच्या बिलाच्या पडद्यावर रकाने फार, म्हणून धाकट्यांनीं ओळखीच्या एका तरुण तंत्रज्ञाकडून तो सुटसुटीत करून घेतला. परंतु कंपनीनें ठेवलेल्या सोयींतून नव्हे, तर आंतील फायलींत हात घालून. मार्का नसलेल्या तांदळावर त्या वेळीं कर नव्हता. मग कराचा रकाना कशास हवा? तो झांकला, आणि त्यांत कायमचें शून्य भरलें. पडदा खरोखर सुबक झाला. आम्हीं स्वतः त्याची वाखाणणी केली, हें कबूल केलें पाहिजे.

पुढें 18 जुलै 2022 पासून 25 किलोपर्यंतच्या वेष्टनबंद व लेबल लावलेल्या तांदळावर 5 टक्के जीएसटी लागू झाला. दुकानांत तर दर बदलावयास रकानाच दिसत नव्हता. पांच व दहा किलोंच्या पिशव्यांचीं बिलें पूर्वीप्रमाणेंच निघत राहिलीं. पडदा मोडेल या भीतीनें कंपनीच्या नव्या आवृत्त्याहि बसविल्या नव्हत्या. दिवाळीच्या सुमारास करसल्लागारांच्या ध्यानांत चूक आली. तेव्हां घाईनें नवी आवृत्ति बसविली, तों पडदा मोडला. तंत्रज्ञ नोकरीसाठीं बंगळूरास गेलेला. आणि कंपनीनें कळविलें कीं, हा बदल आमचा नव्हे. गिऱ्हाइकांकडून न घेतलेला कर पदरचा भरावा लागला, शिवाय सालीना 18 टक्के दरानें व्याज.

रकमेपेक्षां जड गेलें तें निराळेंच. कर गोळा झाला असून धाकट्यानें तो दडविला, असा संशय थोरल्यांच्या मनांत आला. एका पंक्तीस जेवणारे भाऊ दोन महिने एकमेकांशीं बोलेनात. अखेर आम्ही बिलांचे गठ्ठे घेऊन दोघांमध्यें बसलों, एकेक बिल वाचून दाखविलें, तेव्हां कोठें मळभ गेलें.

सॉफ्टवेअरांत बदल करूंच नये, असें आमचें म्हणणें नाहीं. बहुतेक कंपन्या त्यासाठीं रीतसर वाट ठेवतात. टॅलीमध्यें तर टीडीएल नांवाची स्वतंत्र भाषाच आहे. त्या वाटेनें केलेला बदल पुढें टिकण्याचा संभव अधिक. तरी तोहि प्रत्येक आवृत्तीबरोबर तपासावा लागतो. मागच्या दारानें केलेला बदल मात्र करणाऱ्याच्या डोक्यांतच राहतो. कंपनी नवी आवृत्ति काढतांना आपला पडदा तपासते, तुमचा नव्हे. शिवाय 1 एप्रिल 2023 पासून नोंदणीकृत कंपन्यांस हिशेबांतील प्रत्येक फेरफाराची नोंद आपोआप ठेवणारें, व ती नोंद बंद करतां न येणारें, सॉफ्टवेअर वापरणें कायद्यानें बंधनकारक झालें आहे. तेथें अशी ढवळाढवळ अधिकच महाग पडावयाची.

पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरांत 1919 ते 1966 पर्यंत महाभारताची चिकित्सक आवृत्ति सिद्ध झाली. त्या पंडितांनीं प्रक्षेप फेंकून दिले नाहींत. संहिता वर ठेविली, आणि कोणती भर कोणत्या हस्तलिखितांतील हें खालीं टीपेंत नोंदविलें. हाच नियम घरच्या संगणकास लावावा. मूळ प्रत निराळी जपावी. कोणता बदल, कोणीं, केव्हां, कशासाठीं केला व तो कसा काढावा, हें साध्या वहींत लिहावें. नवी आवृत्ति आधीं दुसऱ्या संगणकावर चालवून पाहावी. आणि ही सर्व माहिती घरांतील निदान दोघांस असावी.

आमच्या विद्यार्थ्याच्या दुकानांत आतां अशी वही आहे. तींत दोघां भावांचें अक्षर आहे. कराचा रकाना पुन्हा पडद्यावर आला आहे; आणि कोठें शून्य भरावयाचें असेल, तर तें दोघांच्याहि दृष्टीस पडतें.