बालिश विनोद आणि समीक्षेचा ताळेबंद

ओसामू तेझुका यांच्या 'बुद्ध' (१९७२-८३) या चित्रकथामालेविषयी एक निर्णय वारंवार दिला जातो: चित्रे अपूर्व, विनोद मात्र पोरकट, तेव्हा पहिल्याच्या जमेतून दुसऱ्याची वजाबाकी करून जे उरेल ते कृतीचे मूल्य. या ताळेबंदाला समीक्षा म्हणणे कठीण आहे. चित्र आणि विनोद हे कृतीचे दोन सुटे गुणधर्म आहेत, असे त्यात सिद्ध न करताच गृहीत धरलेले असते.

वस्तुतः बारकाईने रेखाटलेले पर्वत, अरण्ये, प्राण्यांचे कळप आणि त्यांच्यापुढे वावरणारी वाटोळ्या डोळ्यांची, हास्यचित्राच्या कुळातील माणसे हा विरोध तेझुकांच्या घाटातच आहे. मर्ढेकरांनी लयतत्त्वात संवादाबरोबर विरोधालाही स्थान दिले होते. त्यांचा आधार घेणाऱ्यांनी येथे केवळ संवाद मागावा, हे नवल. शिवाय 'शाकुंतला'तील विदूषकाचा खादाडपणा कौतुकाचा विषय, आणि किशोरांच्या मासिकातून आलेल्या कथेतील खोडी मात्र रसभंग! हा निकष सौंदर्याचा नसून प्रतिष्ठेचा आहे.

समर्थकांचा युक्तिवाद तर याहून पोकळ. 'मांगाचा हा संकेतच आहे' असे ते म्हणतात. संकेतामुळे विनोद तेथे का आला हे कळते. तो तेथे असावा की नसावा, हे कळत नाही. ह्योतान्त्सुगी हा ठिगळे लावलेल्या भोपळ्यासारखा जीव तेझुकांच्या कितीतरी कथांत अवचित टपकतो. ती त्यांची स्वाक्षरी आहे हे खरे, पण स्वाक्षरी म्हणजे समर्थन नव्हे.

विरोधी रस अंगभूत होऊन आला, त्याचा अतिपरिपोष झाला नाही, तर प्रधान रसाला बाध येत नाही, ही आनंदवर्धनाची कसोटी येथे अधिक उपयोगी पडते. तात्ता हा उनाड, नागडा, चोऱ्या करणारा पोर. त्याचे चाळे बालिश आहेत, कारण तो बालच आहे. कोसलाच्या सैन्याच्या हल्ल्यात त्याची आई आणि बहीण मरतात, तेव्हा त्या चाळ्यांच्या आठवणीनेच करुण गडद होतो. याउलट प्राचीन भारतातील पात्रांच्या तोंडी विसाव्या शतकातील वस्तूंचे उल्लेख येतात, ते कोणत्याही पात्राचे नसतात; लेखकाने वाचकाला मारलेला तो डोळा असतो. हे विनोद फसलेले आहेत, आणि मागचा पर्वत कितीही सुंदर रेखाटलेला असला तरी ते फसलेलेच राहतात.