बेंगळुरूच्या दिव्यांना टोपी हवी

बेंगळुरूत ध्रुवतारा शोधावा लागतो. शहर विषुववृत्तापासून तेरा अंशांवर, म्हणून ध्रुवही उत्तर क्षितिजापासून तेराच अंश वर. तेवढ्या उंचीत शेजारच्या इमारतीची पाण्याची टाकी, तिच्यामागचा नारळ आणि पलीकडच्या अपार्टमेंटचा फ्लडलाइट सहज मावतो. गच्चीवर दुर्बीण मांडून तेजोमेघांचे आणि दीर्घिकांचे फोटो काढू पाहणाऱ्यांची पहिली अडचण इथेच उभी राहते. आकाश दर सेकंदाला पंधरा विकलांनी सरकत असते. दुर्बिणीच्या माउंटचा अक्ष नेमका ध्रुवाकडे लावला, तरच ती त्या सरकण्याला साथ देते. नाही तर पाच मिनिटांच्या एक्स्पोजरमध्ये प्रत्येक ताऱ्याची रेघ होते. ध्रुव दिसतच नसेल, तर दक्षिणोत्तर रेषेजवळचा एखादा तारा कॅमेऱ्यात धरायचा, तो चौकटीत वर चढतो की खाली उतरतो ते बघत बसायचे आणि माउंटचा स्क्रू केसभर फिरवायचा. पुन्हा बघायचे, पुन्हा फिरवायचे. यात तासभर सहज जातो, आणि फोटोला अजून सुरुवातही झालेली नसते.

हे कष्ट कशासाठी, असे घरचे विचारतात. जानेवारीत रात्री दहाच्या सुमारास मृग नक्षत्र बेंगळुरूच्या जवळजवळ डोक्यावर येते. व्याधाने मारलेल्या बाणाचे तीन तारे शहरातूनही दिसतात. त्यातल्या पूर्वेकडच्या ताऱ्याच्या खाली, हायड्रोजनच्या लालसर पडद्यापुढे, धुळीचा एक काळा ढग आहे. त्याचा आकार घोड्याच्या मुंडक्यासारखा. तो डोळ्यांना दिसत नाही. मोठ्या दुर्बिणीतून, चांगल्या अंधारातसुद्धा, तो बघणे ही परीक्षाच असते. त्याचा शोधही फोटोतच लागला. १८८८ मध्ये हार्वर्ड वेधशाळेत काचेच्या फोटोपट्ट्या तपासताना विल्यमिना फ्लेमिंग यांना तो दिसला. वेधशाळेच्या संचालकांच्या घरी त्या आधी मोलकरीण म्हणून काम करत होत्या. तेजोमेघापासून निघालेला उजेड इथवर यायला तेराशेच्या वर वर्षे लागतात. आज गच्चीवरच्या सेन्सरवर पडतो तो उजेड निघाला, तेव्हा बदामीला चालुक्यांचे राज्य होते.

एवढ्या अंधूक गोष्टीचा फोटो एका क्लिकने मिळत नाही. पाच-पाच मिनिटांचे शंभर-दीडशे फोटो घ्यायचे आणि संगणकावर एकावर एक रचायचे. याला सगळे स्टॅकिंग म्हणतात. फोटोतला खरखरीतपणा निम्म्यावर आणायचा असेल तर वेळ चौपट द्यावा लागतो. गणित असे निष्ठुर आहे. सेन्सर शून्याखाली थंड ठेवायचा, भिंगावर दव धरू नये म्हणून नळीला गरम पट्टा गुंडाळायचा. झाकण लावून काढलेल्या काळ्या फोटोंच्या आधारे सेन्सरचे स्वतःचे दोष वजा करायचे. पहाटे, आकाश राखाडी झाले की, दुर्बिणीच्या तोंडावर पांढरा टी-शर्ट ताणून बांधायचा, रबरबँड लावायचा आणि कोऱ्या उजेडाचे वीस-तीस फोटो काढायचे. भिंगावरच्या धुळीचे डाग आणि कडांचा काळोख त्यांच्या मदतीने पुसला जातो. नऊ-दहा तासांच्या सामग्रीतून घोड्याची आयाळ उमटू लागते. पहिल्यांदा ती पडद्यावर दिसते तेव्हाचा आनंद ज्यांनी घेतला आहे, ते पुन्हा गच्ची चढतात.

या कामाला महाराष्ट्र आणि कर्नाटक यांना जोडणारा एक जुना धागा आहे. पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये कावसजी नायगामवाला यांनी भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून महाराजा तख्तसिंहजी वेधशाळा उभी केली. तिच्यासाठी डब्लिनच्या दुर्बीणकार ग्रब यांच्याकडून वीस इंची आरशाची दुर्बीण आली. भारतातली तेव्हाची ती सर्वांत मोठी. नायगामवाला यांनी मृगातल्या मोठ्या तेजोमेघाच्या वर्णपटाचे वेध घेतले. त्या वर्णपटातली ठळक हिरवी रेषा कोणत्या मूलद्रव्याची, हे तेव्हा जगात कोणालाच ठाऊक नव्हते. ‘नेब्युलियम’ नावाचे एखादे नवे मूलद्रव्य असावे, असा तर्क होता. ती ऑक्सिजनचीच आहे हे आयरा बोवेन यांनी १९२७ मध्ये दाखवले. पुण्याची वेधशाळा १९१२ मध्ये बंद झाली आणि दुर्बीण कोडईकनालला गेली. कोडईकनालची वेधशाळा आज बेंगळुरूच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेचा भाग आहे. आणि नायगामवालांच्या काळात कोडे असलेली ती हिरवी रेषा, ५००.७ नॅनोमीटरची, आज हौशी मंडळी एका छोट्या गोल फिल्टरने गाळून घेतात.

शहरात राहून तेजोमेघांचे फोटो काढता येतात ते या फिल्टरमुळे. हायड्रोजनचा लाल, ऑक्सिजनचा हिरवा, गंधकाचा गडद लाल, एवढाच उजेड आत घ्यायचा आणि बाकीचा अडवायचा. पण दीर्घिकांना हा उपाय चालत नाही. दीर्घिका म्हणजे अब्जावधी ताऱ्यांचा एकत्र उजेड; तो सगळ्या रंगांत पसरलेला असतो, त्यामुळे फिल्टरने शहराचा उजेड अडवला की दीर्घिकेचाही अडतो. जुने पिवळे सोडियम दिवे निदान वर्णपटाच्या एका कोपऱ्यात गर्दी करत. पांढरे एलईडी सगळीकडे पसरतात, आणि त्यांच्यातला निळा अंश हवेत जास्त विखुरतो. वीज वाचवण्यासाठी एलईडी आले, ते योग्यच झाले. पण दिवे बदलताना त्यांचा रंग आणि दिशा कोणी विचारात घेतली नाही, आणि तिथे चूक झाली.

ती किती महाग पडते, हे आकड्यांत सांगता येते. महानगराच्या मध्यावरचे आकाश आणि खऱ्या काळोखातले आकाश यांच्या तेजात साधारण चार प्रतींचा फरक असतो, म्हणजे चाळीस पट. अंधूक दीर्घिकेचा तोच दर्जा मिळवायला काळोखात एक तास लागत असेल, तर त्याच दुर्बिणीला शहरात चाळीस तास लागतात. बेंगळुरूत जून ते सप्टेंबर नैर्ऋत्य मोसमी ढग, त्यानंतर नोव्हेंबरपर्यंत परतीचा पाऊस. डिसेंबर ते एप्रिल हाच काय तो मोसम, आणि त्यातही चंद्र अर्धा महिना खातो. चाळीस तास जमवायचे म्हणजे एका दीर्घिकेवर मोसमाचा मोठा तुकडा खर्ची घालायचा. म्हणून लोक शनिवारी दुर्बीण, माउंट, बॅटरी गाडीत घालून कोलार, चिक्कबळ्ळापूर किंवा आंध्रच्या हद्दीकडे शंभर-दीडशे किलोमीटर जातात आणि रविवारी सकाळी डोळे चोळत परततात. दर काही वर्षांनी ही वाट लांबते. जगभरच्या हौशी निरीक्षकांनी २०११ ते २०२२ या काळात नोंदवलेल्या ५१ हजारांहून अधिक निरीक्षणांचा अभ्यास ‘सायन्स’मध्ये २०२३ साली प्रसिद्ध झाला. त्यानुसार आकाशाचा उजळपणा वर्षाला सरासरी ९.६ टक्क्यांनी वाढतो आहे. या वेगाने तो आठ वर्षांच्या आत दुप्पट होतो.

बेंगळुरूबद्दलची तक्रार इतर शहरांपेक्षा जास्त तीव्रतेने करावीशी वाटते, कारण हे शहर आकाशाचे ऋणी आहे. खगोलशास्त्रज्ञ वेणू बाप्पू यांनी साठच्या दशकात वेधशाळेसाठी जवादी टेकड्यांमधले कावलूर निवडले ते तिथल्या काळोखासाठी. कावलूरच्या २.३४ मीटरच्या दुर्बिणीचा आरसा बेंगळुरूत, कोरमंगलाच्या प्रयोगशाळेत घासला गेला. १९८६ मध्ये ती दुर्बीण राष्ट्राला अर्पण झाली. लडाखच्या हान्लेत साडेचार हजार मीटर उंचीवर असलेली दोन मीटरची हिमालयन चंद्रा दुर्बीण उपग्रहामार्फत चालवली जाते ती बेंगळुरूजवळच्या होसकोटेहून. म्हणजे शास्त्रज्ञ होसकोटेत बसून हजारो किलोमीटरवरचे आकाश न्याहाळतात, आणि त्यांच्याच शहरातल्या शाळकरी मुलाला आकाशगंगेचा पट्टा कधी दिसलेला नसतो. ज्या शहराने काळोखाची किंमत ओळखून दोन वेधशाळा उभ्या केल्या, त्याने स्वतःच्या रस्त्यांवरही ती ओळखावी.

हौशींचे काम म्हणजे शोभेची चित्रे, असा समज असेल तर तो सोडायला हवा. जानेवारी २०२३ मध्ये जाहीर झालेली एक गोष्ट पाहावी. देवयानी दीर्घिका आकाशात सर्वांत जास्त फोटो काढल्या गेलेल्या गोष्टींपैकी एक. तिच्या शेजारीच ऑक्सिजनच्या उजेडाची एक विस्तीर्ण कमान आहे, हे एकाही मोठ्या वेधशाळेच्या ध्यानात आले नव्हते. मार्सेल ड्रेक्सलर, झेवियर स्ट्रॉटनर आणि यान सँती या हौशी मंडळींनी ती शोधली. सँती यांनी फ्रान्समधल्या नॅन्सी शहराच्या परिसरातून फोटो काढले ते १०६ मिलिमीटर भिंगाच्या दुर्बिणीने, म्हणजे तळहाताएवढ्या भिंगातून. एकूण एक्स्पोजर शंभर तासांहून अधिक. मोठ्या दुर्बिणी आकाशाचा चिमुकला तुकडा बघतात आणि त्यांचा एक एक तास वाटून दिलेला असतो. एवढा रुंद आणि एवढा अंधूक पदार्थ शोधायला छोटी दुर्बीण आणि चिकाटीच लागली. ती कमान दिसली तीही नायगामवालांच्या हिरव्या रेषेतच.

बेंगळुरूकडे तर युरोपच्या बहुतेक भागात नसलेली एक श्रीमंती आहे. नरतुरंगातला ओमेगा सेंटॉरी हा तारकागुच्छ, सुमारे एक कोटी ताऱ्यांचा, पॅरिसमध्ये कधीच उगवत नाही. बेंगळुरूत तो दक्षिणेला एकोणतीस अंशांपर्यंत चढतो, पुण्यापेक्षा पाच अंश जास्त. दक्षिणेचे हे आकाश उत्तर गोलार्धातल्या बहुतेक हौशींच्या आवाक्याबाहेर आहे. भारताच्या दक्षिण टोकाकडच्या गच्च्यांवरून मात्र ते टिपता येते.

काळोख राखता येतो, याची दोन उदाहरणे देशातच आहेत. हान्लेभोवतीचा सुमारे १,०७३ चौरस किलोमीटरचा परिसर डिसेंबर २०२२ मध्ये काळोख्या आकाशाचे राखीव क्षेत्र म्हणून अधिसूचित झाला. गावातल्या लोकांना दुर्बिणी देऊन आकाश दाखवायचे प्रशिक्षण दिले गेले, आणि तिथे भरणाऱ्या तारकामेळ्याला देशभरचे हौशी छायाचित्रकार जातात. दुसरे उदाहरण विदर्भातले. महाराष्ट्राच्या बाजूच्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये देशातले पहिले डार्क स्काय पार्क म्हणून मान्यता मिळाली. त्यासाठी वाघोडा, सिल्लारी अशा जंगलालगतच्या गावांतले शंभरावर दिवे जमिनीकडे तोंड करणारे बसवण्यात आले. गावे अंधारात बुडाली नाहीत. उजेड वर जायचा तो फक्त खाली पडू लागला.

बेंगळुरूकडून मागणे एवढेच आहे. रस्त्यावरच्या दिव्याला वरून आणि बाजूने टोपी असावी, म्हणजे उजेड डांबरावर पडेल, ढगांवर नाही. नवा दिवा निवडताना पांढराशुभ्र सोडून पिवळसर निवडावा; ३००० केल्विनच्या आतला चालतो. जाहिरातींचे फलक आणि इमारतींच्या शोभेचे दिवे रात्री अकरानंतर बंद व्हावेत. अशा नियमांना जगात आधार आहे: कॅनरी बेटांवरच्या वेधशाळांसाठी स्पेनने १९८८ मध्येच कायदा केला, आणि फ्रान्सने डिसेंबर २०१८च्या आदेशाने देशभरच्या बाहेरच्या दिव्यांना मर्यादा घातल्या. आपल्याकडे आवाजासाठी २००० सालापासून नियम आहेत, तसेच उजेडासाठीही हवेत. बेंगळुरूच्या एका महापालिकेच्या जागी २०२५ मध्ये पाच महापालिका आल्या. दिव्यांची नवी कंत्राटे निघतील तेव्हा टोपी आणि रंग या दोन अटी घालायला वेगळा निधी लागत नाही.

अंधारात बायकांनी फिरायचे कसे, हा प्रश्न लगेच येतो, आणि तो रास्त आहे. पण उघडा दिवा डोळ्यांत जातो, बाहुली आकसते आणि दिव्याच्या पलीकडे उभा असलेला माणूस दिसेनासा होतो. टोपीचा दिवा तेवढाच उजेड पायाखाली टाकतो, आणि रस्ता जास्त नीट दिसतो. हे पटवायला शास्त्रज्ञ लागत नाही. एखाद्या गल्लीत दोन्ही दिवे शेजारी लावून लोकांना चालून बघू द्यावे.

महापालिका हलेपर्यंत सोसायट्यांनी थांबायचे कारण नाही. मार्चच्या मध्यावर रात्री दोनच्या सुमारास ओमेगा सेंटॉरी दक्षिणेला सर्वांत उंच येतो. शहराच्या मध्यभागातून पाहिले तर त्या दिशेला इलेक्ट्रॉनिक सिटीची लाली असते, आणि बहुतेक वेळा त्याहून जवळ, पार्किंगवर रोखलेला पण निम्मा आभाळात जाणारा एखाद्या अपार्टमेंटचा फ्लडलाइट. तो दिवा काढायचा नाही, फक्त त्याचा ब्रॅकेट सैल करून तोंड जमिनीकडे वळवायचे आहे. त्यासाठी एक शिडी, एक पाना आणि सोसायटीच्या सचिवांची परवानगी लागते.