वाण आणि वेतन

मकरसंक्रमणाचे पर्व जवळ आले की घरोघरी तिळगुळाची सिद्धता सुरू होते. नववधूच्या पहिल्या संक्रांतीस काळी चंद्रकळा व हलव्याचे दागिने, तान्हुल्याच्या बोरन्हाणास हलव्याचा मुकुट व बासरी, जावयासाठी हलव्याचा हार, ही आपल्या महाराष्ट्राची रीत. एके काळी हे दागिने आजी, आत्या, मावशी घरीच करीत. आता ते पुष्कळ घरी विकत आणले जातात. परंतु ते घडविणारे हात आजही बहुधा एखाद्या गृहिणीचेच असतात. भाचीसाठी हौसेने केलेला संच शेजारणीच्या नजरेस पडतो, तिची मागणी येते, पुढील वर्षी आणखी पाच घरांची येते, आणि पाहता पाहता त्या हौसेला उद्योगाचे रूप येते.

येथेच त्या गृहिणीच्या मनात शंका उभी राहते. जे प्रेमाने द्यावयाचे, त्याचे पैसे कसे घ्यावेत? वाण लुटावयाचे असते, विकावयाचे नसते, असे बजावणारी वडीलधारी माणसेही भेटतात. ह्या शंकेचे निरसन आम्हांस अगत्याचे वाटते.

वाण देणारी वेगळी आणि ते घडविणारी वेगळी. देणारीने मोबदल्याची अपेक्षा धरू नये, हे खरे; परंतु घडविणारीचे श्रम फुकट घ्यावेत, असा त्याचा अर्थ नव्हे. गोरोबाकाकांनी कुंभारकाम केले, सावता महाराजांनी मळा पिकविला, नरहरी महाराजांनी सोनारकाम केले. कष्टाच्या भाकरीने त्यांची भक्ती तिळभरही उणावली नाही.

कौटिल्याच्या अर्थशास्त्रातील सूत्राध्यक्षाचे प्रकरण या दृष्टीने पाहण्याजोगे आहे. विधवा, अपंग स्त्रिया, तसेच घराबाहेर न पडणाऱ्या परंतु स्वतःच्या कष्टाने पोट भरू इच्छिणाऱ्या स्त्रिया यांना सूतकताईचे काम आदरपूर्वक द्यावे, सूत किती बारीक वा जाडेभरडे निघाले ते पाहून वेतन ठरवावे, आणि सणाच्या दिवशी काम करून घ्यावयाचे असेल तर मानाची देणगी द्यावी, असे तेथे सांगितले आहे. वेतन देण्यास विलंब करणाऱ्या अधिकाऱ्यास दंडही आहे. घरी बसून केलेल्या हस्तकामाचे मोल कसबानुसार द्यावे, हा विचार आपल्याकडे असा जुना आहे.

आता हलव्याचे कसब पाहा. परातीत तीळ, खसखस वा साबुदाणा घेऊन ती मंद आचेवर ठेवावी, त्यावर साखरेचा पाक थेंब थेंब सोडावा आणि बोटांनी दाणे अखंड फिरवीत राहावे. पाक वाळला की पुन्हा पाक. असे कैक वेळा करावे, तेव्हा कोरड्या थंडीत दाण्यावर काटा उमलतो. बोटे पोळतात, पाठ अवघडते. त्यानंतर दाणे निवडून दागिने गुंफण्याचे नाजूक काम उरतेच. समजा, एका संचास २०० रुपयांचे सामान आणि १२ तासांचे श्रम लागले, आणि तो ३०० रुपयांस दिला, तर त्या १२ तासांची किंमत अवघी १०० रुपये झाली! घरची चूल, घरचे हात, म्हणून हिशेबच मांडावयाचा नाही, ह्या सवयीने किती तरी गुणी हातांनी हे काम सोडून दिले असेल.

यासाठी घडविणाऱ्या भगिनींनी वही स्वतंत्र ठेवावी. सामान, इंधन, वेळ, सारे तीत मांडावे. मागणीबरोबर थोडी आगाऊ रक्कम घेण्यात संकोच मानू नये. विक्रीच्या खाद्यपदार्थांसाठी कायद्यानुसार लागणारी नोंदणी करून घ्यावी. जेथे दागिना डिंकाने वा अन्य चिकटद्रव्याने जोडला असेल तेथे तो केवळ लेण्यासाठी आहे, खाण्यासाठी नव्हे, हे ग्राहकास स्पष्ट सांगावे. सचोटी हीच लहान उद्योगाची मोठी ठेव होय. मुंबईत गिरगावात १५ मार्च १९५९ रोजी ७ स्त्रियांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटण्यास आरंभ केला; त्यातूनच पुढे लिज्जत पापडाचा विशाल गृहउद्योग उभा राहिला. त्या सातजणींपैकी जसवंतीबेन पोपट यांना २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली. प्रत्येकीचा उद्योग इतका वाढेल असे नाही. पण मुलाच्या शिक्षणाची फी वा घराचा एखादा हप्ता हलव्याच्या दाण्यातून निघाला, तरी ते यश थोडे नव्हे.

आणि वाचकहो, आपलेही एक कर्तव्य आहे. सराफाच्या पेढीवर घडणावळ मुकाट्याने मोजणारे आपण, हलव्याच्या हारासाठी मात्र दहा-वीस रुपयांची घासाघीस करतो! यंदा ती टाळावी. दागिने हाती पडताच ठरलेले मोल पुरते द्यावे, आणि वर तिळगूळही द्यावा. गोड बोलण्याचा हा सण. ज्या हातांनी तो गोड केला, त्यांना योग्य दाम देणे हेही गोड बोलणेच आहे, असे आम्ही मानतो.